बुधवारचा चौथा तास

अंबरपेठ, हैदराबाद
११ जून

प्रिय सारंग सर,

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असेल तर कमाल आहे, कारण हल्ली ते माझं मलाच ओळखू येत नाही. मी अपर्णा उमरीकर. काचीगुड्याची आपली शाळा, भूगोल, आठवी ते दहावी. एकवीस वर्षांनी अचानक पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं वाटून तुम्ही हे दारातच उभ्याउभ्या फोडलं असेल, तर आधी आत जाऊन बसा. कोणी गेलेलं नाही. शाळाही आहे, पिंपळही आहे. फक्त माझा उजवा घोटा मोडला आहे, आणि तोही नाचताना.

आपली राणी आठवते ना? तुम्ही होता तेव्हा ती नुकती कामाला लागली होती आणि मधल्या सुट्टीची घंटा हमखास पाच मिनिटं आधी द्यायची. तिच्या मुलीचं लग्न झालं गेल्या महिन्यात, गोलनाक्याच्या एका फंक्शन हॉलमध्ये. वरातीला मरफा होता, तोच हैदराबादी ढोलांचा कल्ला. परभणीला राहून तुम्ही मरफा विसरला असाल. तो कानाने ऐकायचा नसतोच, थेट बरगड्यांत वाजतो. राणीने हात धरून ओढलं, मी 'नक्को गं, नक्को गं' म्हणत दोन पावलं टाकली, ती चांगली पडली म्हणून तिसरं टाकलं, आणि ते नेमकं महापालिकेने खणून ठेवलेल्या खड्ड्यात गेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी 'पाय घसरला' म्हणायच्या आत स्नेहा म्हणाली, आत्या नाचत होती. डॉक्टरांनी माझं वय पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं.

स्नेहा म्हणजे माझ्या भावाची मुलगी. लहानपणी एकदा स्टाफरूममध्ये येऊन तुमचा खडूंचा अख्खा डबा तिने सांडला होता आणि तुम्ही रागावण्याऐवजी तिच्याकडून ते खडू रंगाप्रमाणे लावून घेतले होते. ती आता कोंडापूरला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते आणि माझ्याशी मी लहान असल्यासारखं बोलते. या पत्राला ती कारण आहे, म्हणून तिची ओळख करून दिली.

प्लास्टर चढलं मे संपता संपता. शाळा उघडणार बारा जूनला. मधे वेळापत्रक. आणि आता तुम्हाला खरं वाटणार नाही असं एक सांगते: तुम्ही नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात बसून लिहिलेला वेळापत्रकाचा प्रोग्रॅम अजून चालू आहे. कॉम्प्युटर दोनदा बदलला, त्यातलं विंडोज बदललं, मुख्याध्यापक चार बदलले. प्रोग्रॅम तोच. तोच काळा पडदा, तीच करडी अक्षरं, आणि इंग्रजी लिपीतलं तुमचं ते अदबशीर मराठी, 'कृपया थांबावे, विचार चालू आहे'. वर्ग, विषय, शिक्षकांचे आकडे भरायचे, की तो पंधरा मिनिटं विचार करतो आणि एकवीस वर्गांचं वेळापत्रक बाहेर काढतो. दोन वर्गांवर एकच शिक्षक आला की टुक् करून आवाज देतो. तुम्ही होता तेव्हाही आकडे भरायला मीच बसायचे, आणि तुम्ही गेल्यापासून दर जूनला सगळं मीच करते, कारण दुसऱ्या कोणाला ते जमत नाही. म्हणजे शिकवायला मी कोणाला बसवलंच नाही, हेही खरं.

यंदा मात्र त्याचं शेवटचं वर्ष. अलका मॅडम म्हणून नव्या मुख्याध्यापिका आल्या आहेत. माणूस चांगला, पण काळी स्क्रीन दिसली की त्यांना वाटतं वीज गेली. पुढच्या वर्षीपासून वेळापत्रक मोबाइलवर बनणार आहे आणि तो जुना कॉम्प्युटर येत्या शनिवारी भंगारात जाणार आहे. यंदा घाई होती म्हणून त्या म्हणाल्या, मॅडम, एकदा शेवटचं तुमच्या त्या डब्यावर काढून द्या. मी पाय उशीवर ठेवून 'हो' म्हणाले. डबा काचीगुड्याला, मी अंबरपेठेत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.

स्नेहाने आपला जुना लॅपटॉप मला दिलेला आहे. त्यात विंडोज नाही, लिनक्स नावाचं दुसरंच काहीतरी आहे, पण बँकेचं नि पेपरांचं त्यावर होतं, त्यामुळे मी कधी चौकशी केली नव्हती. मला वाटलं, राणीकडून प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर मागवावा आणि इथेच चालवावा. मागवला. लॅपटॉपने त्याला ओळखच दिली नाही. स्नेहा म्हणाली, तो प्रोग्रॅम फक्त विंडोजला समजतो, याला त्याची भाषा येत नाही. दुसरा एक उपाय करून पाहिला, तेव्हा तो सुरू झाला आणि सगळ्या शिक्षकांना रविवारी तास देऊन बसला. मग ती म्हणाली, आत्या, त्याला त्याच्या घरी राहू दे. तो तिकडे शाळेत चालेल, त्याची अक्षरं तेवढी इकडे येतील. तू इथून टाइप कर, ते तिथे उमटेल. काम तिथे, तू इथे.

तिने शाळेत जाऊन त्या कॉम्प्युटरमध्ये काय ते दार उघडं ठेवलं, माझ्या लॅपटॉपवर एक साधी खिडकी उघडून दिली, कोणते चार शब्द टाइप करायचे ते माझ्या प्लास्टरवर मार्करने लिहिलं, म्हणजे कागद हरवायला नको, आणि ती कोंडापूरला निघून गेली.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला राणीचा फोन आला, "मॅडम, डब्बा चालू कर दी मैं. उसमें कुच नै दिखरा." मी प्लास्टर वाचून चार शब्द टाइप केले, पासवर्ड दिला, आणि सर, माझ्या पलंगावर, माझ्या मांडीवर तुमचा प्रोग्रॅम उघडला. 'शुभ सकाळ. वेळापत्रक करावयाचे आहे काय?' मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने 'हो' म्हणाले.

आनंद दहा मिनिटं टिकला. तुम्ही साठवायला एफ-दहा ठेवलं होतं. मी एफ-दहा दाबलं तर ते काचीगुड्यापर्यंत पोचलंच नाही. वाटेत माझ्याच खिडकीने ते झेलून स्वतःची यादी उघडून दाखवली, जसं आपण शेजाऱ्याला हाक मारावी आणि घरातल्याने ओ द्यावी. स्नेहाने फोनवरून ते सरळ करून दिलं. मग दुसऱ्या दिवशी, आठवी ते दहावी सगळं भरून झाल्यावर, एक ओळ कॉपी करावी म्हणून मी सवयीने कंट्रोल-सी दाबलं. तुमच्या प्रोग्रॅमच्या मुलखात कंट्रोल-सी म्हणजे 'पुरे करा' हे मला ठाऊक नव्हतं. तो मुकाट्याने पुरे करून निघून गेला, आठवी ते दहावी बरोबर घेऊन. मी स्नेहाला फोन केला तर ती मीटिंगमध्ये होती. माझं बोलणं तिच्या सगळ्या ऑफिसने ऐकलं असं ती नंतर म्हणाली, आणि आत्याला असे शब्द येतात हे तिला नवीन होतं.

पण खरा गोंधळ शुक्रवारी झाला. वेळापत्रकाचा पहिला मसुदा तयार झाला, म्हणून मी 'छापा' म्हणून आज्ञा दिली. माझ्या डोक्यात छपाई म्हणजे माझ्यासमोर होणारी गोष्ट. पण प्रिंटर कुठे होता? शाळेच्या ऑफिसात, तोच तो सुया आपटत छापणारा, वर्षातून एकदा चालणारा. ऑफिसला कुलूप, आत कोणी नाही, आणि बाहेर बाकावर राणी डबा खात होती. तिला आतून किंचाळल्यासारखा आवाज आला. तिने कुलूप काढून पाहिलं तर खोलीत माणूस नाही, स्क्रीन काळी, आणि कागद आपोआप वर येतोय. मला फोन आला. "मॅडम, मशीन अपने आप लिख रई. कसम से मैं हात नै लगाई." मी तिला समजावते आहे की अगं मीच लिहिते आहे, मी इथून लिहिते आहे, तर ती आणखीच घाबरली, कारण मला प्लास्टर घातलेलं तिने स्वतः पाहिलं होतं. तिने दत्तोबा सरांना बोलावलं. दत्तोबा सर मैदानावरून शिट्टी आणि हॉकी स्टिक घेऊन आले, परिस्थिती पाहिली आणि भिंतीतला प्लग उपटला. इकडे माझी खिडकी जागच्या जागी गोठली.

दत्तोबा सर तुम्हाला माहीत नाहीत, निदान शाळेतले म्हणून नाहीत. ते तुमच्या जागेवर आले. म्हणजे गणिताला वेगळे सर आले, पण तुमचा आकडा यांना मिळाला. तुमच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक शिक्षकाला एक आकडा असायचा. तुमचा सात, माझा अकरा. तुम्ही गेलात त्या जूनमध्ये सात रिकामा पडला, त्याच आठवड्यात खेळाचे शिक्षक म्हणून दत्तोबा सर रुजू झाले, आणि तुमचं नाव पुसून त्यांचं नाव मीच टाइप केलं. जरा जोरातच टाइप केलं होतं. तुम्ही न सांगता गेला होता.

तुम्ही असताना बुधवारचा चौथा तास आपल्या दोघांचाही मोकळा असायचा, आठवतं? पाच वर्षं, वर्ग बदलले, विषय बदलले, पण बुधवार चौथा तास मोकळाच. बाकी सगळे वर्गांवर, स्टाफरूममध्ये आपण दोघं आणि तो खडखडणारा पंखा. तुम्ही तासाला सरासरी दीड वाक्य बोलायचे. मी माझ्या डब्यातली दशमी पुढे सरकवायचे, तुम्ही 'असू दे, असू दे' म्हणत दोन खायचे. एकदा तुम्ही पूर्ण तासभर मला समजावून सांगितलं होतं की एकवीस वर्ग आणि अठ्ठावीस शिक्षक यांचं वेळापत्रक जुळवणं किती अवघड असतं, आणि मी म्हणाले होते की तरी बघा, आपला हा तास कसा दर वर्षी आपोआप जुळून येतो. तुम्ही चष्मा काढून पुसायला घेतला होता.

तर तुमच्यानंतरही तो तास जुळतच राहिला, सर. फक्त समोर दत्तोबा सर. दर वर्षी मी वेळापत्रक काढायचे आणि दर वर्षी बुधवार चौथा तास, सात आणि अकरा मोकळे. मी काही फेरफार केला की प्रोग्रॅम टुक् करून ते परत होतं तसं करायचा. एकवीस वर्षांत मला दत्तोबा सरांचा गुडघा, त्यांचा घटकेसरचा प्लॉट, त्यांची पोटाची तक्रार आणि त्यावरचे सगळे काढे तोंडपाठ झाले आहेत. माणूस मनाने फार सरळ. त्यांची बायको लवकर गेली. दोन हजार तेरामध्ये, एका बुधवारी, त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, नऊ वर्षं झाली. दर बुधवारी आपण दोघंच. कॉम्प्युटरला काहीतरी दिसत असणार." मी म्हणाले, "कॉम्प्युटरला फक्त वर्ग दिसतात, सर." त्यांनी शिट्टी परत गळ्यात घातली, आणि पुढच्या बुधवारी गुडघ्याचं जिथे राहिलं होतं तिथून पुढे सांगायला सुरुवात केली. त्यानंतर तो विषय कधी निघाला नाही. मी लग्न केलं नाही ते त्यांच्यामुळे नाही, आणि बाबांच्या आजारपणामुळेही नाही, जरी लोकांना मी तेच सांगत आले.

शुक्रवारनंतर दत्तोबा सर स्वतःहून त्या कॉम्प्युटरच्या पहाऱ्यावर बसले. प्लग परत लावला, राणीला धीर दिला, आणि फोन कानाला लावून मला मैदानी आवाजात खबर देत राहिले, की दिवा हिरवा आहे, पंखा फिरतो आहे, कागद सरळ आहे. शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास सगळं जमलं. मी शेवटची आज्ञा दिली. 'कृपया थांबावे, विचार चालू आहे.' पंधरा मिनिटं मी थांबले. मग आलं, 'वेळापत्रक पूर्ण झाले आहे. नियम एक ते तेरा पाळले गेले आहेत. धन्यवाद.' हे मी सव्वीस वेळा वाचलेलं वाक्य. पण त्याच्या खाली आणखी दोन ओळी होत्या, आणि त्या मी कधीच वाचलेल्या नव्हत्या.

'नियम चौदा. सात आणि अकरा, बुधवार चौथा तास, दोघेही मोकळे. हा योगायोग नाही, अपर्णा. तुला चालणार असेल तर सांग. नसेल तर ही ओळ दिसलीच नाही असं समज.'

सर, तुम्ही मला आयुष्यात कधी 'तू' म्हणाला नव्हता. मी आधी मागे वळून पाहिलं, खोलीत कोणी आहे का. मग मला वाटलं स्नेहाने चेष्टा केली. मग वाटलं शाळेतल्या कोणीतरी. मी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालवला, पुन्हा पंधरा मिनिटं थांबले, पुन्हा त्याच ओळी. तिसऱ्यांदाही चालवला. तिकडून राणी विचारत होती, मॅडम, हो गया क्या, डब्बा बंद करूँ. मी म्हणाले, नक्को, राहू दे. दत्तोबा सरांना मी म्हणाले की एक नियम तपासते आहे. ते खोटं नव्हतं.

रविवारी स्नेहा आली. तिने त्या ओळी वाचल्या, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि खाली मान घालून कारण शोधायला लागली, जसं तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचे तसं. दहा मिनिटांनी तिला कळलं. तुम्ही त्या ओळी काळ्या पडद्यावर काळ्या अक्षरांत लिहिल्या होत्या. शाळेच्या स्क्रीनवर त्या दर वर्षी येत होत्या आणि दर वर्षी मला दिसत नव्हत्या. माझ्या लॅपटॉपवरची ही खिडकी मात्र काळी नाही. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढल्यापासून काळ्या पडद्याने डोळे दुखतात, म्हणून तिने ती फिकट बदामी केली आहे. तिकडून रंगाची आज्ञा आली 'काळी अक्षरं', ती इथे बदामीवर उमटली. एवढंच. हे सांगून ती स्वयंपाकघरात गेली आणि न सांगता चहा करून घेऊन आली. ही मुलगी एरवी स्वतःसाठी पाणीसुद्धा तापवत नाही.

चहा पिताना मला ते आठवायला लागलं. तुम्ही शेवटच्या वर्षी माझ्या मागे लागला होता की एफ-नऊ दाबून पाहा, पडद्याचा रंग बदलतो, निळा होतो, डोळ्यांना बरं. चार वेळा तरी म्हणाला असाल. मी म्हणत राहिले, सर, माझ्या डोळ्यांना काळंच चालतं. आणि मग एप्रिलमधला निकालाचा दिवस. तुम्ही कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात पिशवी घेऊन उभे होता, आत येत नव्हता. तुम्ही विचारलंत, "मॅडम, पुढच्या वर्षीच्या कच्च्या वेळापत्रकाचं शेवटचं पान पाहिलंत का? अगदी खाली?" मी छापलेल्या कागदाबद्दल बोलत होते, सर. त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही कागदाच्या तळाला बेरजा छापल्या होत्या आणि सही-शिक्क्याला जागा उरली नाही म्हणून हेडसर माझ्यावर ओरडले होते. म्हणून मी मोठ्या समाधानाने म्हणाले, "पाहिलं ना. खाली रिकामं आहे. रिकामंच बरं." तुम्ही 'बरं' म्हणालात आणि गेलात. मी कागद सरळ करत होते, मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. जूनमध्ये कळलं की तुम्ही परभणीला कॉलेजात लागलात. मला वाटलं, पगार जास्त असेल. पाच वर्षं दशम्या खाऊन माणूस निरोपसुद्धा घेत नाही, याचा मला राग आला होता, आणि तो राग मी फार नीट जपला.

सोमवारी दत्तोबा सर मला भेटायला आले, काढ्याची बाटली घेऊन. एकवीस वर्षांचे बुधवार त्यांचेही गेले होते, म्हणून मी त्यांना लॅपटॉप दाखवला. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, म्हणजे कॉम्प्युटरला दिसत होतं, फक्त माणूस चुकला. आणि हसले, जरा उशिराने, पण मनापासून. तुमचा पत्ता त्यांनीच दिला. परभणीच्या एका क्रीडा शिबिरात म्हणे त्यांची तुमची ओळख झाली होती, आणि रोज सकाळी ते ज्यांना सूर्योदयाचं चित्र पाठवतात त्या यादीत तुम्ही आहात. तुमच्या घरी कोण कोण आहे, असं मी अगदी सहज विचारलं. ते म्हणाले, कोणी नाही, एकटेच असतात, लग्न केलं नाही. आता दत्तोबा सरांच्या बातम्यांपैकी निम्म्या चुकतात. दोन हजार सोळामध्ये त्यांनी माझ्या निवृत्तीचे पेढे वाटले होते. तरी पत्ता मी लिहून घेतला. जाताना ते म्हणाले, पत्रात त्यांना सांगा, जागा मी सांभाळली. सांगितलं.

वेळापत्रक काल शाळेत लागलं. उद्या शाळा उघडते. स्नेहा म्हणाली, आत्या, फोन नंबर आहे ना, फोन कर. पण फोनवर मी पहिल्यांदा पावसापाण्याचं विचारीन, तुम्ही 'बरं आहे' म्हणाल, आणि आपली दीड वाक्यं तिथेच संपतील, म्हणून तीन दिवस कागद फाडत हे लिहिते आहे. मला तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की ती ओळ मी वाचली नव्हती. तुम्ही जे उत्तर घेऊन गेलात ते मी दिलेलं नव्हतं. ते हेडसरांच्या सहीच्या जागेबद्दल होतं. माझं उत्तर वेगळं होतं, तेव्हाही आणि आजही: हो, चालेल. तुमचा प्रश्न अजून तोच आहे की नाही, मला माहीत नाही. नसला तर तसं सांगा, माझं प्लास्टर उतरेपर्यंत तरी मी कुठे जात नाही, रडूनबिडून झालं की कामाला लागेन. असला तर काचीगुड्याला उतरून अंबरपेठेत यायला रिक्षाने पंधरा मिनिटं लागतात. काहीही असलं तरी लिहा. फक्त सर, या वेळी दिसेल अशा शाईत लिहा.

तुमचीच,
अपर्णा